तोफेसमोर मांडलेलं स्टूल

युद्धात गेलेल्यांचा स्मरणदिन जवळ आला की काकूंच्या दुकानात डांबराच्या गोळ्यांचा वास भरून राहायचा. वर्षभर ट्रंकेत पडलेले गणवेश एकामागून एक टेबलावर यायचे. कुणाच्या बाहीला कसर लागलेली, कुणाची कॉलर झिजून जाळी झालेली, तर कुणाच्या पोटाने बटणांशी उभा दावा मांडलेला. काकू रफू करायच्या ती अशी, की आपण इथे होतो हे त्या भोकालाही आठवू नये. काका शेजारच्या टेबलावर इस्त्री करायचे. दोघांचं मिळून ते एवढंसं दुकान आणि त्यामागे एक खोली.

गणवेश रफूला पडले म्हणजे म्हातारे सैनिक समारंभाला येणार, असं सगळे धरून चालायचे. मैदानावर पुढच्या रांगेत त्यांच्यासाठी खास खुर्च्या मांडल्या जायच्या आणि दरवर्षी त्या रिकाम्या राहायच्या. कुणी म्हणे, वय झालं बिचाऱ्यांचं. कुणी म्हणे, मान द्यायला जावं तर भाव खातात. खरी गोष्ट काकूंच्या पोटात होती. म्हातारे त्या सकाळी कडक इस्त्रीचे गणवेश घालून, छातीवर पदकं लावून, सुनानातवंडांचा निरोप घेऊन घरून निघत. चौकात आले की मैदानाचा रस्ता सोडत आणि गल्लीतून, मागच्या दाराने, काकूंच्या त्या खोलीत शिरत.

कारण एकच. तोफ.

दोन मिनिटांची शांतता तोफेच्या बाराने सुरू व्हायची आणि बारानेच संपायची. नुसत्या दारूचा बार, गोळा नसलेला, पण आवाज आवाजच. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. चारी भिंतींना छतापर्यंत घोंगड्या, लोकरी तागे आणि रजयांचे गठ्ठे लावलेले. तिथे बसलं की मैदानावरची तोफ म्हणजे शेजारच्या घरात कुणीतरी दार आपटल्यासारखी वाटायची. म्हातारे पत्ते खेळत बसत. लांब्या असे. तो युद्धात टेलिफोनच्या तारा ओढायचा, आणि दारातून आत येताना अजूनही वाकायचा. कंपाउंडर असे, ज्याने तिथे जखमींना खांद्यावर वाहिलं होतं. आणि भोंगा. भोंगा दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरा, म्हणून सदा ओरडूनच बोलायचा.

"तुम्हाला ऐकूच येत नाही तर तुम्ही कशाला इथे लपता?" काकूंनी त्याला एकदा विचारलं होतं.

"कानाला येत नाही हो," भोंगा ओरडला, "पोटाला येतं ना!"

काकांचं तर काही विचारूच नका. ते स्वतः तोफखान्यातले. किती बार त्यांच्या हातून सुटले असतील, त्याची गणती त्यांनी कधी सांगितली नाही. परत आल्यावर पहिल्या की दुसऱ्या स्मरणदिनाला ते मैदानावर गेले होते, नव्या नवरीला सोबत घेऊन. बार झाला आणि काकूंच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. काका खाली चिखलात पालथे पडले होते, दोन्ही हात डोक्यावर, आणि पँट ओली. मागच्या रांगेतल्या पोरांना हसू आलं. पोरंच ती, त्यांना काय कळतंय. पण काका पुढे कितीतरी दिवस घरातसुद्धा भिंतीकडे तोंड करून जेवले. काकूंनी तेव्हाच कानाला खडा लावला, की हा माणूस पुन्हा त्या मैदानावर जाणार नाही. मागची खोली त्यांनीच भरली, एकेक घोंगडी करून.

इतकी वर्षं हे गुपित टिकलं आणि फुटलं ते भोंग्याच्या तोंडून.

झालं असं. स्मरणदिनाला थोडेच दिवस राहिले होते. समितीचे अध्यक्ष आपला काळा कोट घेऊन दुकानात आले होते, खिशाजवळ फाटला होता म्हणून. अध्यक्षांचं लोखंडी सामानाचं मोठं दुकान होतं, आणि माणूस तसा सरळ. वडील त्याच युद्धात गेलेले. तेव्हा हे आईच्या कडेवर होते. काकू कोट उजेडात धरून बघत होत्या, तेवढ्यात रस्त्यावरून भोंगा दारात आला. अध्यक्ष कपाटाच्या आड उभे, त्याला दिसले नाहीत.

"काकू! यंदा पत्त्यांचा नवा कॅट आणा बरं का! गेल्या वर्षी तोफ उडाली तेव्हा ह्या कंपाउंडरने माझी राणी हातोहात लांबवली!"

काकूंनी डोळे मोठे केले, ओठांवर बोट ठेवलं. भोंग्याला वाटलं त्या हसताहेत. "खरंच सांगतो! मागच्या खोलीत माझी जागा मात्र बदला, मला भिंतीशी पाहिजे!"

अध्यक्ष कपाटाआडून पुढे आले. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"म्हणजे तिकडे माझ्या बापाला सलामी होते," ते म्हणाले, "आणि तुम्ही इथे पत्ते कुटता?"

भोंग्याला ओठांवरून कळलं. तो एकदम गप्प झाला. त्याला गप्प झालेलं काकूंनी पहिल्यांदाच पाहिलं.

"तसं नाही रे," काकू म्हणाल्या. "तू आधी बस. पाणी घे."

"नको मला पाणी. दरवर्षी मी त्या खुर्च्या स्वतः पुसतो, काकू. दरवर्षी पाहुण्यांना सांगतो, आमचे वीर आजारी आहेत." त्यांचा आवाज चिरकला. "माझा बाप पळाला नाही. तुम्ही मात्र पळता. पळपुटे आहात तुम्ही सगळे!"

टेबलापाशी काका उभे होते. हातातली इस्त्री तशीच कापडावर टेकलेली. करपल्याचा वास आला तेव्हा काकूंनी धावत जाऊन ती उचलली. काकांना भान नव्हतं.

"यंदा येईन," काका म्हणाले. "पहिली खुर्ची माझी. बाकीचेही येतील."

अध्यक्ष कोट तिथेच टाकून निघून गेले.

त्या संध्याकाळी जेवताना काकूंनी तोंड उघडलं. "अहो, त्याच्या नादाला लागू नका. रागात बोलला तो."

"बोलला ते बोलला."

"तुम्हाला काय सिद्ध करायचंय आणि कुणाला? मला?"

"तुला नाही."

"मग?"

काकांनी ताट बाजूला सारलं. "तू मला इतकी वर्षं लपवलंस ना, त्याचं मला वाईट नाही वाटत. पण आता लोक तुझ्या खोलीला बीळ म्हणतील. ते मला नाही चालणार."

"म्हणू देत. बीळ तर बीळ. उंदीर तरी सुखाने जगतो बिळात!"

"मी जाणार," काका म्हणाले. त्यांचा हात पाण्याच्या पेल्याकडे गेला, आणि पेला ताटावर वाजत राहिला. काकूंनी पेला धरला. ह्या माणसाला पुन्हा त्या चिखलात पडलेलं त्यांना बघायचं नव्हतं. तरुणपणी तो त्यातून उठला होता. आता ह्या वयात उठायचा नाही.

दुसऱ्या दिवशी रफू केलेला कोट घेऊन काकू लोखंडी सामानाच्या दुकानात गेल्या. अध्यक्ष बिजागऱ्या मोजत होते. काकूंनी सगळं सांगितलं, चिखल, ओली पँट, काहीही न वगळता. नवऱ्याची लाज अशी दुसऱ्यापुढे उघडी करताना त्यांच्या जिवाचं पाणी झालं.

"तोफ नको," त्या शेवटी म्हणाल्या. "घंटा वाजव. शिट्टी वाजव. काहीही वाजव."

अध्यक्ष बराच वेळ बिजागरीची खीळ काढत आणि घालत राहिले.

"आईला ना प्रेत मिळालं, ना राख," ते म्हणाले. "एक कागद आला फक्त. तोफ वाजली की ती मला म्हणायची, बघ, तुझ्या बापाला हाक मारली. अजून म्हणते. चालता येत नाही तिला आता, पण त्या दिवशी खिडकीशी खुर्ची ठेवायला लावते. ती तोफेची वाट बघते, काकू. मी तिला काय सांगू, कुणाच्या तरी नवऱ्याला त्रास होतो म्हणून बंद केली?"

ह्याला वाईट म्हणावं तर काकूंची जीभ रेटेना.

"तुझं दुःख मोठं आहे रे बाबा," त्या म्हणाल्या. "पण एकाला हाक मारायची म्हणून दुसऱ्याला लोळवायचं, हा कुठला न्याय?"

"हा दिवस गेलेल्यांचा आहे."

"मग परत आलेल्यांच्या खुर्च्या कशाला मांडतोस? उचल त्या!"

"तोफ वाजणार," अध्यक्ष म्हणाले.

"बघते कशी वाजते ते," काकू म्हणाल्या, आणि कोट काउंटरवर आपटून बाहेर पडल्या. रस्त्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण धमकी तर देऊन आलो, पण करायचं काय हे आपल्याला अजून माहीतच नाही.

स्मरणदिनाची सकाळ स्वच्छ होती. चौघे म्हातारे चौकात भेटले, आणि ह्या वेळी गल्लीत वळले नाहीत. काकांचे बूट आरशासारखे चमकत होते, चेहरा मात्र मेणासारखा. लांब्याने त्यांचा एक दंड धरला होता आणि कंपाउंडरने दुसरा. मैदानावर लोकांनी त्यांना येताना पाहिलं आणि टाळ्या पडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुढच्या खुर्च्या भरल्या. मोठे पाहुणे उठून उभे राहिले. अध्यक्षांनी मान दुसरीकडे वळवली, पण त्यांनाही गहिवरल्यासारखं झालं असावं.

काकू बरोबर नव्हत्या. त्या मागून आल्या, खांद्याला पिशवी आणि काखेत दुकानातलं लाकडी स्टूल. गर्दीला वळसा घालून त्या मैदानाच्या मोकळ्या बाजूला गेल्या. तिथे दोरीच्या कुंपणात तोफ उभी होती आणि तिच्याभोवती कोवळे कोवळे तीन-चार जवान. काकूंनी दोरी उचलली, खालून वाकून आत गेल्या, तोफेच्या तोंडासमोर चार पावलांवर स्टूल मांडलं आणि बसल्या. पिशवीतून एक खाकी पँट काढली, चष्मा चढवला आणि सुईत दोरा ओवला.

"आजी, आजी!" एक जवान धावत आला. "इथे बसता येत नाही!"

"आजी असेन तुझ्या घरी. इथे मला काकू म्हणतात. आणि बसता येतं की, ही बघ बसले."

"अहो, तोफ आहे ती!"

"दिसतंय मला. जवळचं दिसत नाही, लांबचं चांगलं दिसतं."

"भरलेली आहे!"

"असेना. तू सोडू नकोस म्हणजे झालं."

जवानाने आपल्या साहेबाकडे पाहिलं. साहेबही मिसरूड फुटलेला पोरगाच. त्याने पोलिसाला हाक मारली. पोलीस आला, जाडजूड, घामाघूम. काकूंना पाहून तो जागीच थबकला.

"काकू, उठा बघू. माझी नोकरी घालवता का?"

"तुझीच पँट शिवतेय," काकू वर न बघता म्हणाल्या. "बसशील तिथे फाडून आणतोस. आता मला उचललंस तर सुई टोचेल, आणि ही तशीच भोकासकट घालून हिंडावं लागेल. बघ बाबा, काय परवडतं ते."

जवानांपैकी एकजण हसला. साहेबाने त्याच्याकडे रागाने पाहिलं, पण त्याला स्वतःलाही हसू दाबता येत नव्हतं. पोलीस डोकं खाजवत दोरीपाशी जाऊन उभा राहिला.

आणि तेवढ्यात मनोऱ्यावरच्या घड्याळाचे ठोके पडले.

लोकांना ह्यातलं काहीच कळलं नव्हतं. तोफ एका कडेला, गर्दी दुसरीकडे. इतक्या वर्षांची सवय, ठोके संपले की बार होणार. सगळे उठून उभे राहिले. आयांनी पोरांच्या कानांवर हात ठेवले, मोठ्यांनी खांदे आखडून घेतले. पुढच्या रांगेत काकांनी डोळे मिटले. लांब्याने त्यांचा हात घट्ट धरला.

बार झाला नाही.

कुणी हललं नाही. आता होईल, मग होईल, म्हणून सगळं मैदान श्वास धरून उभं. शांतता सुरू झाली की नाही हे सांगणारा आवाजच नव्हता, त्यामुळे ती संपवायची कधी हेही कुणाला कळेना. दोन मिनिटं केव्हाच उलटून गेली असतील. झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती, ती ऐकू आली. कुणाचं तरी लहान मूल आईला काहीतरी विचारत होतं. एक बाई हळूहळू हुंदके द्यायला लागली. एरवी बाराच्या दणक्यात आणि घड्याळावरच्या नजरेत तिला रडायला सवडच मिळाली नसेल. दरवर्षीची ती मोजून दिलेली शांतता कुठे आणि ही कुठे! काकूंचा हात सुईसकट थांबला. असं काही होईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

काकांनी डोळे उघडले होते आणि तोफेसमोरचं स्टूल त्यांना दिसलं होतं. लांब्याच्या हातातून हात सोडवून ते चालू लागले, एकटे, मोकळ्या मैदानातून थेट तोफेकडे. आता त्यांचा पाय अडखळेल, मग अडखळेल, म्हणून काकूंचा जीव टांगणीला लागला. पण पाय अडखळला नाही. ते जवळ आले आणि दातओठ खात पुटपुटले, "ऊठ तिथून."

"नाही उठत."

"लोक बघताहेत. माझी अब्रू काढतेस का?"

"तुमच्या अब्रूला भोक नाही. मी रोज बघते. माझ्याशी वाद घालू नका, ह्या विषयात माझी नजर पक्की आहे."

काकांनी तोफेकडे पाहिलं. नळीकडे, मग काकूंच्या पांढऱ्या डोक्याकडे, पुन्हा नळीकडे. त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी बदललं. वळसा घालून ते तोफेच्या मागे गेले आणि तिच्या लोखंडावर त्यांनी तळहात ठेवला. इतक्या वर्षांनी. हात कापत होता. तो तसाच कापत ठेवून ते त्या पोरगेल्या साहेबाला म्हणाले, "तोफ खाली कर, काडतूस बाहेर काढ."

"आपण कोण?"

"तोफची. तोफेसमोर माणूस आहे. तोफ खाली कर!"

हा शेवटचा हुकूम सगळ्या मैदानाने ऐकला. तो आवाज काकूंनी आयुष्यात ऐकला नव्हता. नवऱ्याच्या गळ्यात असा आवाज आहे हे त्यांना इतक्या संसारात कळलं नव्हतं. गर्दीतला श्वास सुटला, माना वळल्या. अध्यक्ष धावत आले, मागोमाग पोलीस.

"कुणी सांगितलं खाली करायला? ह्यांना बाजूला घ्या! बार होणारच!"

आणि मग मैदानातून तीन म्हातारे येताना दिसले. प्रत्येकाच्या हातात आपापली खुर्ची. लांब्याने ती डोक्यावर घेतली होती, कंपाउंडर ओढत आणत होता. तिघांनी खुर्च्या काकूंच्या शेजारी, तोफेच्या तोंडासमोर ओळीने मांडल्या आणि पदकं सावरून बसले. कंपाउंडरच्या कपाळावरून घाम गळत होता. तरी तो बसला.

"पळपुटे म्हणालास ना आम्हाला?" भोंगा ओरडला. पार मागच्या रांगेपर्यंत पोचला तो आवाज. "हे बघ, बसलोय! कुणी पळत नाही! आता वाजव तुझी तोफ!"

त्या पोरगेल्या साहेबाने अध्यक्षांकडे पाहिलं, मग काकांकडे. मग त्याने काकांना कडक सलाम केला आणि मागचं झाकण उघडून दारूचं काडतूस बाहेर काढलं.

"माझ्या बापाची सलामी हिसकावून घेतलीत तुम्ही," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हो, घेतली," काकू म्हणाल्या. "मीच घेतली. आणि पुढच्या वर्षी तू तोफ आणलीस तर पुढच्या वर्षीही घेईन. तू आणत जा, आम्ही बसत जाऊ. बघू कोण आधी थकतं."

"आणि आई? ती खिडकीत बसलीय. अजून बसलीय. तिला कोण सांगणार?"

काकूंनी सुई कापडात खोचून ठेवली.

काका तोफेमागून पुढे आले. "मी सांगतो," ते म्हणाले. "चल."

"आत्ता? पाहुण्यांचं भाषण व्हायचंय."

"होऊ दे. आमच्यावाचून त्यांचं काही अडत नाही. आमच्याबद्दलच बोलायचंय त्यांना."

चौघे म्हातारे निघाले. कुणी रांग लावा म्हटलं नाही, पण रांग आपोआप लागली. पाय मात्र प्रत्येकाचा वेगळा पडत होता. अध्यक्ष काही क्षण पाहुण्यांकडे बघत राहिले, आणि मग त्यांच्या मागे चालू लागले. काकूंनी पँट पोलिसाच्या हातात कोंबली, "एवढा शेवटचा टाका घरी घालून घे," म्हणाल्या आणि लगबगीने निघाल्या. मागे ध्वनिक्षेपक खरखरला, कुणीतरी घसा साफ केला. त्यांच्यापैकी एकानेही वळून पाहिलं नाही.

अध्यक्षांचं घर दुसऱ्या गल्लीच्या टोकाला होतं. खिडकीत एक वाळलेली, लहानखुरी म्हातारी बसली होती, केस नीट विंचरलेले, हात मांडीवर जुळवलेले. रस्त्यावर गणवेश दिसले तशी ती पुढे झुकली.

"आई..." अध्यक्षांनी सुरुवात केली.

तिने हाताने त्यांना थांबवलं. "तोफ का वाजली नाही?"

"मी वाजू दिली नाही," काका म्हणाले.

म्हातारीने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. बूट, पट्टा, पदकं. काकू श्वास रोखून उभ्या होत्या. आता ही शिव्या घालील, आणि घातल्या तर तो तिचा हक्कच आहे, असं त्यांच्या मनात येत होतं.

"तू होतास तिथे?" म्हातारीने विचारलं.

"होतो."

"हेही?"

"सगळे होते."

"मग इतकी वर्षं कुठे होता रे मेल्यांनो?" ती म्हणाली. "तिथे कसं होतं, हे मला एकाने येऊन सांगितलं नाही. थंडी होती का, खायला काय मिळायचं, रात्री झोप लागायची का माणसाला. दरवर्षी ती तोफ मेली धडाम करते, आणि तिला काही विचारायची सोय नाही."

काकांनी काकूंकडे पाहिलं. तिथलं एक अक्षर त्यांनी कधी काकूंनासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यांनी पायपुसण्यावर बूट पुसले, दोनदा, आणि दार ढकललं.

"थंडी होती," आत शिरता शिरता ते म्हणाले. "फार थंडी होती, वहिनी."